पहिल्या नंबराची टोपी

रागावणं ही जर कला मानली, तर माझ्या आत्याच्या तोडीचा कलावंत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत तिच्याआधी झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक रागावतात ते स्वतःचं काही बिघडलं म्हणून. आत्याचं तसं नव्हतं. ऐन विशीत आलेलं वैधव्य, भावाच्या मळ्यातली जन्मभराची खुरपणी, चुलीचा धूर, हे सगळं तिनं मुकाट्यानं सोसलं. त्याबद्दल तिच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. तिचा राग सगळा परक्यांसाठी राखलेला. एकदा बारामतीच्या बाजारात ती मेथीची पाटी घेऊन बसली होती. शेजारी मोरगावाकडून पहाटेपासून चालत आलेली एक अनोळखी म्हातारी होती, आणि तिच्या घेवड्याला एका व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. झालं! आत्या पाटी टाकून उठली आणि व्यापाऱ्याच्या गादीशी जाऊन त्याला असं काही सुनावलं, की त्यानं घेवडा तर घेतलाच, वर म्हातारीला बसायला पोतं दिलं. तेवढ्यात इकडे एका शेळीनं आत्याची मेथी फस्त केली. आत्या शेळीवर रागावली. मग शेळीच्या फासळ्या दिसल्या, तसा तो राग शेळीच्या मालकावर गेला. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती घरी परतली ती मोठ्या खुशीत.

इंदापूरला जाणारी सर्व्हिस मोटार एकदा भर उन्हात माळावर बंद पडली. मोटारीत एक ओली बाळंतीण होती. आत्यानं खाली उतरून ड्रायव्हरचा असा उद्धार सुरू केला, की बाकीचे उतारू उन्हाचं भान विसरून ऐकत उभे राहिले. ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आजीबाई, सकाळधरनं पोटात अन्न न्हाय माज्या. वरडू नगा, डोळ्याम्होरं अंधारी येतीया." हे ऐकताच तिनं गाठोडं सोडलं, आपली पिठलं-भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि मोटारीत येऊन माझ्यावर कडाडली, "काय मानसं असत्यात! उपाशी मानसाच्या हातात मोटार देत्यात!" जणू मोटारीचा मालक मीच होतो.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. पुण्याला ट्रेनिंग घेऊन मी मास्तर झालो होतो आणि बारामती-इंदापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावी माझी नेमणूक झाली होती. माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हा पिंपळीचा आमचा मळा सोडून आत्या माझ्या भाकऱ्या थापायला आली. आमची खोली शाळेला लागूनच होती, मधे एकच भिंत. त्यामुळे माझा प्रत्येक तास दोन जागी ऐकला जाई. एकदा मी मुलांना गणित घातलं, की एका नळानं हौद भरतो आणि दुसऱ्यानं रिकामा होतो, तर हौद भरायला किती वेळ लागेल. भिंतीपलीकडून आवाज आला, "आरं, आदी दुसरा नळ बंद कर की! हितं पाटाच्या पाण्याची पाळी येता येत न्हाय, आन पोरास्नी पानी सांडायला शिकवतुयास?" सगळा वर्ग हसला. मी छडी उचलली, तर तिकडून पुन्हा आवाज, "हसली म्हून मारतुयास व्हय रं लेकरास्नी?"

त्या वर्गात भागू होती. हजेरीत भागीरथी. गावाबाहेरच्या धनगरवाड्यावरून चालत यायची. आई नव्हती. बाप मेंढरं राखायचा आणि पावसाळ्यात जमेल तेवढी बाजरी करायचा. मधल्या सुट्टीत ती आमच्या ओट्यावर बसून कालवणावाचून कोरडी भाकरी खायची, म्हणून आत्या आधी तिच्या बापावर रागावली, मग रोज वाटीभर आमटी बाजूला काढू लागली. पोरगी भलती हुशार. वार्षिक परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले, त्यांनी जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. भागूनं भीमा, नीरा, कऱ्हा धरून सगळ्या सांगितल्या आणि वर म्हणाली, "ह्या समद्या आमची मेंढरं वलांडून जात्यात. तुमी बगितल्यात का?" दिपोटीसाहेब खो खो हसले. त्यांनी भूगोलाचं पुस्तक मिटलं. चौथीत भागू पहिली आली.

आणि इथंच घोटाळा झाला. गावचे एक बडे बागायतदार लोकल बोर्डाचे मेंबर होते. सगळे त्यांना मेंबरसाहेबच म्हणत. बक्षीस समारंभाचे अध्यक्ष ते आणि बक्षिसंही त्यांचीच. चौथीच्या पहिल्या नंबराला त्यांनी जरीची टोपी जाहीर केली होती, दुसऱ्याला पितळी फुलपात्र. दुसरा आला होता मेंबरसाहेबांचा पुतण्या. आमचे हेडमास्तर तसे सज्जन गृहस्थ, पण मेंबरसाहेबांचा घोडा रस्त्यानं गेला तरी उठून उभे राहणारे. त्यांनी आम्हा शिक्षकांना बोलावून सांगितलं, "मुलीला टोपी कशी देणार? टोपी दुसऱ्याला देऊ, फुलपात्र हिला. पाणी प्यायला उपयोगी पडेल." मी म्हणालो, "साहेब, पण पहिला नंबर तिचा आहे." ते म्हणाले, "नंबर तिचाच राहील हो, आपण फक्त जाहीर करायचा नाही."

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. ती करपली, तरी तिला पत्ता नव्हता. "आन तू काय म्हनलास?" मी सांगितलं. "येवढंच? ही तर कुजबूज झाली!" मग तिनं मला जे सांगितलं त्यानं माझंही डोकं तापलं. गावच्या शिंप्याकडे ती चोळी शिवायला टाकून आली होती, तेव्हा त्यानं फुशारकीनं ती टोपी दाखवली होती. परीक्षेच्या कितीतरी आधी मेंबरसाहेबांच्या वाड्यावर जाऊन, पुतण्याच्या डोक्याचं माप घेऊन त्यानं ती शिवली होती! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोरं रात्र रात्र पाढे घोकत होती आणि इकडे पहिल्या नंबराचं डोकं मापून ठेवलेलं!

समारंभ शाळेपुढच्या पटांगणात होता. पताका, पाटलाच्या घरच्या खुर्च्या, मुलं उन्हात रांगेनं बसलेली, बाया लिंबाच्या सावलीला. धनगरवाड्यावरची माणसंही घोंगडी खांद्यावर टाकून मागे उभी होती, त्यांत भागूचा बाप. हेडमास्तरांनी घसा साफ केला. "इयत्ता चौथी. जरीच्या टोपीचे मानकरी, चिरंजीव..."

"थांबा!" लिंबाखालून आत्या उठली. "पैला नंबर कुनाचा?"

"आत्याबाई, बसा खाली. समारंभ चाललाय."

"म्हनून तर इचारतीया. पैला नंबर कुनाचा?"

हेडमास्तर चाचरले. "म्हणजे, तसं मार्कांनी पाहिलं तर भागीरथीचा..."

"मार्कांनी न्हाय तर काय वजनानं बगत्यात व्हय?"

पटांगणात हशा पिकला. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. "अहो, मुलगी टोपी घेऊन करणार काय?"

"काय बी करंल! डोक्याला घालंल, न्हायतर कोंबडीची पिल्लं झाकंल. तिची हाय! तिनं मिळवलीया! आन परीक्षेच्या आदी पोराच्या डोक्याचं माप घ्यायचं, ह्ये कुठल्या बुकात लिवलंय, त्ये बी सांगा मास्तर!"

शिंपी एकाएकी आपल्या वहाणेचा अंगठा तपासू लागला. हेडमास्तर आत्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मेंबरसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी टोपी हातात घेतली. मला वाटलं, आता भिरकावणार. पण त्यांनी एकदा लिंबाखालच्या बायांकडे पाहिलं, एकदा मागच्या घोंगड्यांकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "भागीरथी कोण? इकडं ये पोरी." भागू लाल दोऱ्यानं बांधलेल्या दोन वेण्या सावरत पुढे गेली. मेंबरसाहेबांनी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती वेण्यांवर थोडी तिरकी बसली. भागूनं दोन्ही हातांनी ती चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लई गरम हुतंय." काय टाळ्या पडल्या! तिच्या बापानं तोंडाला हात लावला आणि तो तसाच उभा राहिला. पुतण्या फुलपात्र घेऊन पाणी प्यायला पळाला. त्या बिचाऱ्याला कशाचंच काही नव्हतं.

मग मेंबरसाहेबांनी स्त्रीशिक्षणावर लांबलचक भाषण केलं, जणू ही सगळी कल्पना त्यांचीच होती. भागू तेवढा वेळ टोपी घालून उन्हात उभी. आत्या पुन्हा उठायला लागली. "शिक्षान सांगतुया, आन पोरीला बसा म्हनत न्हाय!" मी तिच्या लुगड्याचं टोक धरून तिला कसंबसं बसवलं.

हेडमास्तर पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझी बदली मोरगावच्याही पलीकडे करतो, असं त्यांनी कुणाकडून तरी कळवलं. आत्या म्हणाली, "जाऊ की. तिथली शाळा कशी चालतीया त्ये बी बगू." हा निरोप हेडमास्तरांपर्यंत पोचला असावा, कारण बदलीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

पाचवीचा वर्ग सुरू झाला तेव्हा भागू आली नाही. तिचं लग्न ठरल्याचं कळलं. लहान मुलींची लग्नं करू नयेत असा कायदा झाला होता म्हणे, पण धनगरवाड्यावर तो कुणी पाहिला नव्हता. आत्या तडक निघाली, मागोमाग मी. वाटभर ती भागूच्या बापाला काय काय सुनावायचं ते मोठमोठ्यानं म्हणत होती, आणि खरं सांगतो, त्या दिवशी तिच्या रागाला अशी धार होती की मला त्या माणसाची आधीच दया आली.

तो दारातच होता. आत्याला पाहताच त्यानं घोंगडं अंथरलं. तिच्या पायाला हात लावला. भागू शेळीचं दूध घेऊन आली. आत्यानं सुरुवात केली, त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आत्याबाई, तुमी म्हनता त्ये खरं हाय. पर मी मेंढरं घिऊन आट म्हैनं भाईर. तिची आय न्हाय. वस्तीवर एकली पोर कुनाच्या भरवशावर ठिवू?"

"माज्यापाशी ठिवा. मी संबाळती."

त्याचे डोळे भरले. "आदी बोलला असता तर ठिवलीबी असती. आता थोरल्या बहिनीला शबुद दिलाय. तिच्याच घरात दिलीया. मानसं चांगली हायती." आणि त्यानं पुन्हा तिच्या पायाला हात लावला.

आत्या दूध प्याली. भागूच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला आणि ती उठली. परतीच्या वाटेवर कालव्याचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "मला त्येच्यावर रागावताच आलं न्हाय रं."

दुसऱ्या दिवशी दुधवाल्यानं मापात हात आखडला, तरी ती गप्प. शेजारणी येऊन विचारून गेल्या, आत्याबाईंना बरं नाही का? वर्गात मी मुद्दाम पाढा चुकीचा म्हटला, तर भिंतीपलीकडून आवाज नाही. दुपारी जेवताना मी म्हणालो, "आत्या, वांग्याला मीठच नाही गं आज." मीठ होतं, चांगलं बेताचं होतं. मला वाटलं, आता तरी भांडेल. तिनं मिठाची वाटी माझ्या ताटाशी सरकवली, आणि दाराबाहेर धनगरवाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघत बसली.