दोन दिवसांच्या गोळ्या

अशी जवळ सरक जरा. उंबऱ्यात बसून का आजीचं ऐकतात? आणि तू बी लई शहाणी. डॉक्टरनं पाच दिवस सांगितलेलं औषध लेकराचा ताप उतरला म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद केलंस म्हणं. मला रागवायचा हक्क न्हाय, मी जन्मभर तेच केलं. म्हणूनच सांगते.

कळंबात बाजाराच्या वाटेवर औषधाचं दुकान आहे. दुकानदार माझ्या माहेरच्या गावचा, म्हणून त्याला वर्षानुवर्षं राखी बांधली. पोट बिघडलं, लघवीला जळजळलं की मी त्याच्याकडं. चिठ्ठी न्हाय, काही न्हाय. तो कात्रीनं पट्टी कापायला लागला की मी म्हणायची, "दोन दिवसांच्याच दे रे, गरम पडतात, तोंड येतं." तो हसायचा, "अक्का, तुम्ही निम्म्या डॉक्टर." मला बरं वाटायचं. त्यातूनही एखादी उरली की गल्लीत कुणाला तरी द्यायची मी.

गेल्या पावसाळ्यात लघवीचं दुखणं उठलं ते हटेचना. हुडहुडी भरून ताप. त्याच्या गोळ्या झाल्या, मग जास्त पॉवरच्या झाल्या. शेवटी लेकानं धाराशिवला दवाखान्यात ठेवलं. लघवी तपासली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन खाटेपाशी बसल्या.

"आजी, लघवीत सापडलेले हे जंतू तुमच्या आतड्यातलेच. नेहमीच्या गोळ्यांना ते आता दाद देत नाहीत. दोनच औषधं लागू पडतील, तीही शिरेतून."

"पण बाई, मी तर गोळ्या कमीच खाल्ल्या की."

"अर्ध्यावर सोडल्या. नको तेव्हाही घेतल्या. कमजोर जंतू मेले, चिवट तेवढे राहिले आणि वाढले."

बरी होऊन आले ती पहिली दुकानावर गेले. विचारलं, "तुला हे ठाऊक होतं का रे?"

तो खाली बघत म्हणला, "होतं, अक्का. पण पाच दिवसांच्याच घ्या, आधी चिठ्ठी आणा म्हणलो असतो, तर तुम्ही समोरच्या दुकानात गेला असता."

पोरी, जंतू तर जंतूच. पण ज्याच्या हातावर मी राखी बांधली, तो माझ्या तोंडावर हसून गोळ्या कापत होता. सख्ख्या बहिणीला अशाच दिल्या असत्या का, हे विचारायचं राहून गेलं. यंदा राखीला गेले न्हाय. दुपारपर्यंत वाट बघितली म्हणून त्याचा निरोप आला.

मग ज्यांना ज्यांना मी गोळ्या दिल्या त्यांच्या दारी गेले, सगळं सांगितलं. एकीनं चहा टाकला. एक म्हणली, "तुमच्या भरवशावर लेकीला दिल्या होत्या की ओ," आणि आत निघून गेली. तिला काय तोंड दाखवू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं उलटलं तर हाताशी औषधं थोडीच आहेत. आत्ता अंगात बळ आहे, भाकरी थापता येते. म्हणून आता सासरी गेलीस की पुन्हा यायला सणाची वाट बघू नको. लवकर ये, आणि चार दिवस राहायच्या बेतानंच ये.