बायकोच्या मानेला लावलेला करंट

१९९४ साल. मी पन्नास वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. माझ्या बायकोचं सारं अंग दुखायचं. मान, खांदे, पाठ, मांड्या. एक्स-रे साफ, रक्त साफ. गाव म्हणे, नाटक आहे. मी म्हणत असे, तुमी एक रात्र तिच्यासारखे जागून दाखवा.

आदिलाबादच्या एका दवाखान्यात नवं मशीन आल्याचं कानावर आलं. आमच्या गावाहून, जैनथहून, बसनं तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. तपासून म्हणाल्या, "दर्द झूठा नहीं है अम्मा. नसें ज़्यादा चिल्ला रही हैं." रोगाचं नाव सांगितलं फायब्रोमायल्जिया. ते आजही माझ्या तोंडात नीट बसत नाही, पण नाव आहे याचाच मला केवढा आनंद! नाटकाला कोणी असं नाव देते काय?

रेडिओएवढा डबा, वायरी, चिकट पट्ट्या. सुई नाही, कापाकापी नाही. कातडीवरून हलका करंट, त्यानं नसा शांत होतात म्हणे. करंट म्हटल्याबरोबर बायको उठून उभी. "अजी, विहिरीवरच्या मोटारीनं तुमाले कसं फेकलं होतं, पाह्यलं ना मी!"

"पहिले मला लावा," मी म्हणालो. दंडावर पट्टी लावली. मुंग्या आल्या, बस. एवढ्याशा करंटनं काय होते? मोटारीला जोर लागतो, तसंच याचं असेल म्हणून मी बटण गरकन फिरवलं. हात असा उडाला की टेबलावरचा गार चहा डॉक्टरीणबाईंच्या साडीवर! बायको पोट धरून हसली. म्हणाली, "लावा बाई मलेबी. पण बटन यायच्या हाती देऊ नका."

तिनं मानेला करंट घेतला. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती. तिनं हात वर केला आणि छताजवळचा दांडा धरला. कितीतरी महिन्यांनी तो हात खांद्याच्या वर गेला होता! मी कंडक्टरलाही दाखवला.

पण एकदा जाऊन भागणार नव्हतं, रोज बोलावलं होतं. आणि शेतात कापूस फुटलेला. घरी थोरली वहिनी म्हणाली, "रोज आदिलाबाद? मंग तिच्या वाटचं वेचन कोन?" आमच्याकडे वेचणी बायांची. कापूस टाकायची ओटी गडीमाणूस कमरेला बांधत नाही, तो फक्त गाठोडी उचलतो. बायको हळूच म्हणाली, "राहू द्या जी. पुढच्या साली जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एकटीला पहिल्या बसमध्ये बसवलं, तसाच शेतात गेलो आणि तिची ओटी कमरेला बांधून तिच्या पातीत, कापसाच्या ओळीत, उभा राहिलो. बाया फिदीफिदी हसायला लागल्या. वहिनी ओरडली, "भाऊजी, लुगडंबी आनू काय?"

"आना," म्हटलं, "पन माह्या पातीतून बाजूला व्हा." आणि वेचायला लागलो.