तळ्याकाठची एकतीस झाडं

पाणीकाकाला कुणी विचारलं, "काय काका, कसं काय चाललंय?" तर तो म्हणायचा, "ओलं." तीस वर्षं बागखात्याच्या टँकरवर पाइप धरणारा माणूस आणखी काय सांगणार? सकाळी सहाला कोरडे घातलेले बूट सव्वासहाला पचपचायला लागायचे. मग दिवसभर पाय पाण्यात आणि डोकं उन्हात. पाइपाच्या वजनाने उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं उतरलेला. त्याची बायको घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. त्याचा शर्ट शिवताना ती एक खांदा मुद्दाम उतरता कापायची आणि म्हणायची, "बाहेरच्या गिऱ्हाईकाला असा शर्ट दिला असता तर मारायला आलं असतं."

शहर वाढत होतं. दर वर्षी टँकरचा फेरा मैलभर लांबायचा, टँकर मात्र तेवढाच. मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावरची फुलं, बागेतली हिरवळ, कचेरीपुढच्या कुंड्या, सगळ्यांना पाणी घालून उरलं तर उरलं.

तळ्याकाठच्या रस्त्याला चाळीस खड्डे होते. झाडांचे. आता झाडं कधी लावावीत हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण कचेरीचं वर्ष संपतं थंडी सरता सरता, आणि वर्ष संपायच्या आत झाडं लागलीच पाहिजेत. म्हणून दर वर्षी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे मांडव पडायचा, कर्णा लागायचा, पाहुणे यायचे, चाळीस रोपं लागायची, फोटो निघायचे. डोंबलाचं वृक्षारोपण! दोन महिन्यांत त्या रोपांच्या काटक्या व्हायच्या. पुढच्या वर्षी समारंभाच्या आधी त्या काटक्या उपटून तेच चाळीस खड्डे पुन्हा रिकामे करायचे, हे पाणीकाकाचं काम. दुसरीकडे खड्डे का नाही, असं विचाराल तर इथे गाड्या लावायला जागा होती आणि फोटोत मागे तळं यायचं.

एका वर्षी अशाच काटक्या उपटताना त्याच्या हातात एक जरा जड आली. सवयीने त्याने ती ढिगावर टाकली. मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून नखाने साल खरवडली, तर आत हिरवंगार. मूळसुद्धा ओलसर. घाईघाईने त्याने ती परत खड्ड्यात खोचली, पण तुटायचं ते तुटलं होतं.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "झालंय काय?"

"आज मी जिवंत झाड उपटलं."

"अहो, मग परत लावायचं."

"लावलं. नाही जगायचं."

बायकोला ठाऊक होतं, हा माणूस मनाला लावून घेतो आणि मग बसतो कुढत. पण या वेळी तो कुढत बसला नाही. त्या वर्षीची चाळीस रोपं लागली आणि दर तिसऱ्या दिवशी तो टँकरचं तळातलं पाणी तिकडे न्यायला लागला. ड्रायव्हरला दुपारी पुलाखाली वीस मिनिटं डुलकी काढायची सवय होती. पाणीकाका त्याला म्हणाला, "तळ्यावर चल की. वारा असतो तिथे." ड्रायव्हरला काय, झोप ती झोप. तो घोरायचा आणि हा पाणी घालायचा.

पुढच्या वर्षी गटाराच्या कामासाठी तो रस्ता खणलेला होता, म्हणून समारंभ दुसरीकडे झाला. नशीबच म्हणायचं. दोन उन्हाळे गेले. चाळीसातली एकतीस झाडं जगली आणि माणसापेक्षा उंच झाली. कडुनिंब होते, करंज होते, चार बहावे होते. एकाएकाची सावली एका माणसाला कशीबशी पुरेल एवढी, पण सावलीच ती. बुलबुल यायला लागले. करंजाच्या पानांवर अळ्या आल्या आणि अळ्यांमागे आणखी पाखरं आली. एका सकाळी पाणीकाकाला दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली, आत शिंप्याचं घरटं. तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "तुझी जातवाली आलीय बघ झाडावर. सुई नाही, दोरा नाही, नुसत्या चोचीने टाके घालते."

"दुरुस्तीची कामं घेते का विचारा," बायको म्हणाली. "निम्मी तिला देते, माझी बोटं गेलीत." दाखवायला नेतो, नेतो असं तो म्हणत राहिला, पण रविवारी त्याचे गुडघे चालत नसत आणि इतर दिवशी तिची गिऱ्हाइकं उठत नसत.

आजूबाजूच्या नव्या इमारतींमधली निसर्गप्रेमी मंडळी मात्र नेमाने यायची. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या. झाडाखाली उभी राहून हिरव्या जगण्यावर तासभर बोलायची. बाटलीतलं उरलेलं घोटभर पाणी बुंध्याशी ओतावं हे कुणाच्या टाळक्यात यायचं नाही. पाणीकाकाला त्यांचा राग नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो, आणि दुपारपर्यंत त्याच्यात तो उरत नसे. झाडं जगताहेत ना, मग बास.

तिसऱ्या वर्षी थंडी सरली आणि मुकादमाचा निरोप आला, "गुरुवारी समारंभ. तळ्याचे खड्डे रिकामे कर." मुकादम आणि पाणीकाका एकाच दिवशी नोकरीला लागलेले. चारचौघांत हा त्याला साहेब म्हणायचा, एरवी अरे-तुरे.

"रिकामे कशाने करू? झाडं आहेत त्यात," पाणीकाका म्हणाला.

"कसली झाडं?"

"येऊन बघ."

मुकादम आला, बघितलं आणि बसलाच खाली. "अरे पाण्या, ही जगली? आपल्या खात्याची झाडं जगली?" त्याला हसावं की रडावं कळेना. कार्डं छापून झाली होती. बाकी रस्त्याला फरशा घातलेल्या, नवा खड्डा खणायला हातभर माती नाही. "उपटावी लागतील बाबा," तो म्हणाला.

"मी नाही उपटणार."

"नोकरीचे आठ महिने राहिलेत तुझे. कशाला नडतोस?" असं म्हणून मुकादमाने दोन विड्या संपवल्या आणि मग एकदम मांडीवर थाप मारली. "असं करू. आहेत ती राहू देत. बुंध्याची माती उकरून ठेव, नवी दिसेल. पाहुण्यांच्या हातात खोरं दिलं की झालं. त्यांना काय कळतंय, आज लावलं की दोन वर्षांपूर्वी."

तसंच झालं. पाहुण्यांनी एका करंजाच्या बुंध्याशी खोरंभर माती लोटली, टाळ्या पडल्या. पाहुणे खूश. म्हणाले, "वा! दर वेळी ती वीतभर रोपटी, फोटोत दिसतसुद्धा नाहीत. झाडं असावीत तर अशी!" आयत्या बिळावर नागोबा, पण पाणीकाकाला त्याचं काही नव्हतं. टँकरच्या आड उभा राहून तो चक्क हसत होता. एकतीसच्या एकतीस वाचली होती. घरी जाताना तो गुडघे विसरून दोन थांबे चालत गेला.

शनिवारी मुकादम टँकरजवळ आला. पाणीकाकाच्या तोंडाकडे न बघता बोलला, "पुढच्या रविवारी नव्या पुलाचं उद्घाटन आहे. पाहुण्यांनी सांगितलंय, ती तळ्यावरची मोठी झाडं तिथे हवीत."

"हवीत म्हणजे?"

"मुळासकट काढून न्यायची. पुलाच्या दोन्ही तोंडांना पिंपांत उभी करायची."

"अरे, ती काय कागदाची फुलं आहेत?"

"मला सांगून काय उपयोग? मीच ती दाखवली. हात दाखवून अवलक्षण." मुकादमाने विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. "तू नाही काढलीस तर ठेकेदाराची माणसं यंत्र घेऊन येतील. दात घालून खेचतील ती."

पाणीकाका बराच वेळ पाइपाचं तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "यंत्र नको. मी काढतो."

चार दिवस तो खणत होता. लांबून गोल खणायचं, मुळांना धक्का न लावता मातीचा गड्डा मोकळा करायचा, ओल्या गोणपाटात बांधायचा. बांधलेलं सुटायला लागलं, माती गळायला लागली. दुसऱ्या दिवशी बायको दाभण आणि सुतळी घेऊन हजर. गिऱ्हाइकांना "चार दिवस दुकान बंद" म्हणून सांगून आली होती. तिने एकेक गड्डा शिवायला घेतला. दोन वर्षं जी झाडं बघायला यायचं राहून जात होतं, ती तिने अशी बघितली, खड्ड्याबाहेर आडवी पडलेली. पाच-सहा शिवून झाल्यावर ती थांबली.

"शिंप्याचं घरटं कुठल्या झाडावर होतं हो?"

"तिसऱ्या करंजावर. गेल्या वर्षी उडाली पिल्लं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा दाभण ओवलं. तिचे डोळे भरले होते आणि त्याचेही. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

उद्घाटन पाऊण तासात आटोपलं. फीत कापली, फोटो निघाले, झाडं खरोखर छान दिसली. सोमवारी सकाळी वाहतूकवाल्यांचा फोन आला की पिंपांचा रहदारीला अडथळा होतो, आत्ताच्या आत्ता हलवा. पाणीकाकाने विचारलं, "हलवू कुठे?" वरून उत्तर आलं, "ते तुम्ही बघा." कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस! मुकादमाने कसाबसा कचऱ्याचा एक ट्रक मिळवून दिला. एकतीस झाडं उकिरड्याच्या वासासकट परत तळ्याकाठी आली, आपापल्या खड्ड्यात बसली.

आता ऊन भाजून काढत होतं. आठ दिवसांत सगळी पानं गळाली. झोपाळू ड्रायव्हरही बिचारा जागा राहून पाइप ओढू लागला. पाणीकाका रोज ओळीने जायचा, नखाने साल खरवडायचा. हिरवं दिसलं तर पुढे, तपकिरी दिसलं तर तिथेच दोन मिनिटं उभा. रोज एखाद-दुसरं जायचं. आधी बहावे गेले, चारही. मग करंज जायला लागले. घरी तो काही सांगायचा नाही. बायको त्याचा चेहरा बघून ताट वाढायची आणि आकडा विचारायची नाही.

महिना झाला तेव्हा बावीस गेली होती. उरलेल्या नऊ झाडांना तांबूस पालवी फुटली. कोवळी, तकतकीत, बोटाच्या पेराएवढी. त्याने प्रत्येक झाड तीनतीनदा बघितलं. रविवारी गुडघ्यांना पट्टे बांधून त्याने बायकोला रिक्षाने तळ्यावर नेलं. दोघं दगडावर बसली. ती म्हणाली, "छान आहे हो जागा. वारा आहे." एवढ्यात मुकादमाचा फोन आला.

"पाण्या, शुक्रवारी नव्या कचेरीचं उद्घाटन आहे. पुन्हा तेच. मोठी झाडं मागताहेत. किती जगली?"

पाणीकाकाने समोर बघितलं. एका कडुनिंबावर बुलबुल येऊन बसला होता आणि फांदी त्याच्या वजनाने वाकत होती.

"एकही नाही," तो म्हणाला.

मग मुकादम म्हणाला, "अरे, परवा मी तिकडूनच गेलो."

पाणीकाका बुलबुलाकडे बघत राहिला.

"बरं," मुकादम म्हणाला. "सगळी मेली असं लिहितो. पण ऐक, मग तळ्याच्या रस्त्याचा फेरा बंद करावा लागेल. मेलेल्या झाडांना टँकर पाठवला तर मलाच जाब विचारतील. तुझ्या गाडीचं तळातलं पाणीसुद्धा तिकडे दिसता कामा नये. समजलं ना?"

"समजलं. कर बंद."

फोन खिशात टाकून तो गुडघ्यांचे पट्टे सारखे करायला लागला. बायकोने एका बाजूचं सगळं ऐकलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं ओळखलं होतं. तिने तळ्याकडे बघितलं. पाणी खूप खाली गेलेलं, उतरायला उंच उंच दगडी पायऱ्या. तिने त्या मोजल्या, बत्तीस निघाल्या.

"एका झाडाला किती लागतं?" तिने विचारलं.

"दोन बादल्या. दिवसाआड."

"म्हणजे अठरा." ती उठली, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेली आणि दोन बादल्या मागून घेऊन आली. पदर खोचून पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली.

"अगं, तुझ्याच्याने नाही होणार. बोटं गेलीत तुझी."

"आणि तुमचे गुडघे काय परवाच आणलेत नवे? मी खालून भरून निम्म्यावर आणते, तिथून तुम्ही न्या."

अठरा बादल्यांना त्यांना अडीच तास लागले. शेवटच्या झाडाला पाणी घातलं तेव्हा चहावाला टपरी बंद करून बादल्यांची वाट बघत उभा होता. उन्हाळ्याचे अजून दोन महिने बाकी होते.