अर्थिंगच्या पाइपाला घातलेला हार

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडेल. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी माझ्या हाताने देव कसा पुरला, ते सांगतो.

काम साधं होतं. ऑफिसात फोन-इंटरनेटच्या केबली लोखंडी ट्रेमधून न्यायच्या आणि त्या ट्रेला अर्थिंग द्यायचं. म्हणजे वीज कडाडली तर मशिनी न जाळता निमूट जमिनीत जाते. माझं पहिलंच स्वतंत्र काम! परभणीचे साहेब तपासून ‘पास’ म्हणाले, तरच पुढची कामं मिळणार होती.

अंगणात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ-कोळसा भरला आणि ट्रेची हिरवी वायर पाइपाला आवळली. हा खड्डा ओला ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे मार्चपासूनच जमीन भेगाळते. म्हणून मी शेजारच्या नळावर अंघोळ करायचो आणि तसाच ओल्या पंच्यावर, अनवाणी, तांब्याभर पाणी पाइपावर ओतायचो. ओठांत पुटपुटत. आज किती क्लॅम्प लागतील, याचा हिशेब चालायचा हो!

एका सकाळी पाइपावर जास्वंद दिसली. मग कुंकू आलं. मग कापूस घेऊन आलेली माणसं पाणी घालायला रांगेत उभी राहिली.

जिनिंगचे मुकादम शंकरमामा हळूच म्हणाले, “इंजिनेर, कोणता देव हाय हो ह्यो? लय कडक दिसायलाय.”

तेव्हाच खरं सांगायचं ना? पण पाणी वाहायचे माझे कष्ट वाचत होते. मी नुसता गूढ हसलो.

तपासणीला साहेब आले. ट्रेला मीटर लावला आणि म्हणाले, “अहो, अर्थिंग कुठंय?”

मी धावत खड्ड्यापाशी गेलो. पाइपावर तेल-शेंदराचा थर, गळ्यात झेंडूचा हार, आणि हिरवी वायर बाजूला गुंडाळून ठेवलेली.

“वायर कोणी काढली?”

“म्या,” मामा अभिमानानं म्हणाले. “देवाच्या गळ्यात वायर बरी दिसंना.”

मी पाना घेऊन वाकलो, तर मामा आडवे आले. “आंघुळ केली का?”

“मामा, देव न्हाई त्यो. पाइप हाय. मीठ आन कोळसा.”

“मग वल्या पंच्यानं रोज पाणी कोण घालायलं व्हतं? आन मंतर कोण म्हणायलं व्हतं?”

जिनिंगचे मालकही हात जोडून मामांच्या मागे उभे. मी आशेने साहेबांकडे पाहिलं. साहेब शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांनी बूट काढले.

“तुम्ही दुसरा खड्डा घ्या,” ते म्हणाले. मग माझ्या कानाशी आले. “या देवापुढे बदलीचा नवस बोलला तर चालतं का हो?”

दुसरा खड्डा मी मुद्दाम मुतारीच्या मागे घेतला. काम पास झालं. पण तिथे पाणी घालायला कुणीच जात नाही, म्हणून उन्हाळाभर मलाच सेलूला खेटे घालावे लागतात.

परवा गेलो होतो. नळावर तांब्या भरला, मुतारीमागच्या पाइपावर ओतला, आणि पाय भाजले तेव्हा ध्यानात आलं. चपला मी भिंतीपाशीच काढून आलो होतो.