आईची गोळी आणि माझा हात

माझ्या शाळासोबत्यानं केडगावात खोली घेऊन स्नायू तपासून दुखणं सांगायचा धंदा सुरू केला, तेव्हा आमच्या राहू गावाहून पहिलं गिऱ्हाईक मीच नेलं. माझी आई! भिंतीवर माणसाचं चित्र, अंगभर रेघा, रेघांवर ठिपके. मित्र म्हणे, शरीर खोटं बोलत नाही. मुठीत वस्तू घेऊन हात आडवा धरायचा, तो दाबणार. पडला, तर मुठीतली वस्तू अंगाला वाईट.

आईचा खांदा आखडलेला, म्हणून तिच्याऐवजी माझा हात तपासायचं ठरलं. माझ्या डाव्या हातात तिचा हात, तिच्या मुठीत रक्तदाबाची गोळी. उजवा हात मी असा ताणला, की जणू जत्रेत कुस्तीला उतरलोय. त्यानं दोन बोटांनी दाबलं. हात धप्पकन खाली! बाकावरच्या बाया "अगं बया!" म्हणाल्या. मग त्यानं माझ्या गुडघ्याखालचा एक ठिपका चोळला आणि पुन्हा दाबलं. हात लोखंड!

"गोळी बंद करा, मावशी. हा पॉइंट रोज चोळा."

आईनं ऐकलं, आणि थोड्याच दिवसांत गोठ्यात भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली, पण ती घेईना.

"पोटच्या पोराचा हात खोटं बोलंल व्हय?"

मी चहापत्तीची पुडी घेऊन मित्राकडं गेलो. म्हटलं, आता माझं तपास. या वेळी पुडीकडं न बघता त्याच्या बोटांकडं बघितलं. हात पाडायचा तर बोटं मनगटावर, टिकवायचा तर कोपराजवळ. दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही, हे आमच्या म्हशीलाही ठाऊक.

"आरं, बोटं सरकत्यात की तुझी!"

त्यानं दार लोटलं आणि हसला. "हळू बोल गड्या. बाहेर बाया बसल्यात."

"मग माझाच हात कशाला धरलास?"

"दुसऱ्या कुणाचा पडला असता, तर मावशीनं मानलं असतं व्हय?"

घरी येऊन मी आईलाच माझा हात दाबायला लावला. आधी मनगटापाशी, मग कोपराजवळ. तिला पटलं. तिनं पाणी मागितलं, गोळी गिळली. मी मित्राची नक्कल करत त्याची बोटं, त्याचं हसू सगळं रंगवून सांगत होतो. ती हसली नाही.

"लई ब्येस करतोस रं," ती म्हणाली. "तवाबी तुमी दोघं मिळूनच करत व्हता का?"