रांजणातला हात

शहागडाजवळच्या एका गोदाकाठच्या गावात दुर्गाबाई मास्तरीण होऊन आली. गावानं तिला खुर्ची दिली, फळा दिला, पण शाळेच्या रांजणाला हात लावू दिला न्हाई. महारवाड्यातली ना ती! रामकिसन शिपाई कावडीनं नदीचं पाणी आणायचा, रांजण भरायचा आणि त्या वाड्यातल्या पोरींना तहान लागली की वरून ओंजळीत धार सोडायचा. दुर्गाबाई आपला तांब्या घरून भरून आणायची. सत्तावन्न साल उजाडलं होतं, कायदाही झाला होता. पण रांजणाला कायदा वाचून दाखवणार कोण?

पहिलीच्या पोरींसाठी चित्रांचं पुस्तकच नव्हतं. मंग तिनंच एक केलं. जाड कागद दोऱ्यानं शिवले, गेरू, हळद आणि निळीनं रंगवले. गोष्ट हौसा नावाच्या पोरीची. हौसाला तहान लागते. ती ओंजळ पुढं करत न्हाई, सरळ रांजणाशी जाते, पेला बुडवते आणि पाणी पिते. बस्स, एवढीच. पोरींनी ते पान उघडून उघडून मळवून टाकलं.

"बाई, मंग तिला मारलं का हो?" त्या विचारायच्या.

"न्हाई," दुर्गाबाई सांगायची, आणि आपल्या तांब्यातलं पाणी पिताना तिला स्वतःचाच संताप यायचा. चित्रातली पोर धीट, आणि चित्र काढणारी भित्री!

तेवढ्यात डिप्टी साहेब तपासणीला येणार असं कळलं. हेडमास्तर बद्रीनाथ गुरुजींच्या तोंडात तर साखरच. "पुस्तक फर्मास झालंय बाई, टेबलावर मांडू. फक्त ते एक पान बदला. गुरुजी वरून पाणी वाढतायत असं काढा. दयाही दिसेल, आणि गावही गप राहील."

"मंग हौसानं काय केलं, गुरुजी?"

"हट्ट करू नका हो!"

तपासणीपर्यंत रोज हेच दळण. तिनं पान बदललं न्हाई.

साहेब आले, पुस्तक चाळू लागले. हौसाला तहान लागली, आणि पुढच्याच पानावर ती हसत घरी निघाली.

"मग ही पाणी कुठं प्याली?" साहेबांनी विचारलं.

दुर्गाबाईनं पान चाचपलं. गुरुजींनी मधली पानं कणकेच्या खळीनं चिकटवून टाकली होती! तिच्या मस्तकात तिडीक गेली. भिजवल्याशिवाय ती सुटणार न्हाईत, हे तिला कळलं. खिडकीत तिचा तांब्या भरलेला होता. ती तिकडं वळलीच न्हाई. सगळ्यांदेखत रांजणाशी गेली, मनगटापर्यंत हात घालून पेला भरला आणि पाणी पानावर ओतलं. खळ सुटली. पण मेले रंगही सुटले. हौसा, पेला, रांजण, सगळ्याचा चिखल झाला. एवढी मेहनत, आणि दाखवायला काय, तर राडा! तिला रडूच कोसळणार होतं, पण ते गिळून तिनं पेल्यात उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"अशी प्याली, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या वर्गाकडं निघाले.

त्यांची पाठ वळताच गुरुजींनी रांजण ओतायला लावला, राखेनं घासून घेतला. दुसऱ्या दिवशी तो भरला. दुर्गाबाईनं पेला बुडवला. परत ओतला, परत भरला, परत तिनं बुडवला. उन्हाळा चढत होता, नदीचं पाणी लांब गेलेलं.

"बाई," कावड टेकवत रामकिसन कावला, "माझे खांदे सोलून निघून राह्यले. रोज रोज किती ओतू हो?"

तांब्या तिनं आता घरीच ठेवला होता.

"मंग ओतू नको," ती म्हणाली, आणि ओंजळ धरून उभ्या असलेल्या पोरीच्या हातात पेला दिला.