साखळीची चाबी

बाई, एकदा मोकळी होऊन रड, असं पार्वताबाईंना सगळ्या अकोल्यानं सांगून झालं होतं. दीर देवराव म्हणाले, जाऊ चतुराबाई म्हणाली. शेजारणीनं तर मुद्दाम जुन्या गोष्टी उकरल्या. पार्वताबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि उठून चहा ठेवायच्या. यजमान नत्थुजी गेले त्या दिवशी जो पडदा पडला, तो पुन्हा वर गेलाच नाही.

नत्थुजी म्हणजे दालमिलमधला मोठा बोलका माणूस. मुलगी गीतांजली लग्न होऊन इटलीत, व्हेनिसला गेली, तेव्हा हा गडी चौकाचौकात सांगत सुटला होता, "आपल्या इथं नळाची वाट पाहून पाहून डोये पांढरे होतेत. पोरगी मात्र अशा गावात देली बाप्पा, का दारातून पाय काढला का पाण्यातच!"

नातवंडाच्या वेळी दोघांनी जायचं ठरलं होतं. पासपोर्ट दोन निघाले. विमानात बसल्या त्या एकट्या पार्वताबाई. गीतांजलीचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला बापाचं शेवटचं दर्शनही घडलं नव्हतं.

बॅगेत डिंकाचे लाडू होते, तिखट होतं, मुंगवड्या होत्या. आणि सगळ्यांत वर होती नत्थुजींच्या धोतरांची गोधडी. जन्मल्या लेकराला आधी आज्याच्या धोतरात गुंडाळायचं, नवा कपडा मग, ही त्या घरची रीत. ती गोधडी पार्वताबाईंनी कोरड्या डोळ्यांनी शिवली होती. ती बाळाच्या अंगावर पडली म्हणजे आपलं काम संपलं, एवढंच त्यांना समजत होतं.

बॅगेच्या कप्प्यात एक लोखंडी साखळीही होती, टोकाला उघडं कुलूप अडकवलेली. एका लग्नाला जाताना अहेराची पेटी चोरीला गेली, तेव्हापासून नत्थुजी साखळीशिवाय रेल्वेत पाय ठेवत नसत. बर्थखालच्या कडीतून साखळी ओवायचं आणि कुलूप दाबायचं काम पार्वताबाईंचं. चाबी सांभाळायची नत्थुजींनी. आता मात्र मुंबईपर्यंत पुतण्या नितेश सोबत होता. "मी हावो ना मोठीआई, बेड्या काहून घालतं बॅगेले?" म्हणून त्यानं साखळी बाहेर काढूच दिली नाही.

मिलानला जावई अमोल घ्यायला आला. व्हेनिसच्या गाडीत त्यानं बॅग दाराजवळच्या मांडणीत ठेवली आणि सासूबाईंना चार बाकं सोडून खिडकीपाशी बसवलं. तो चहा आणायला गेला, तशा पार्वताबाई उठल्या. सामान नजरेआड ठेवून बसायची सवय त्यांना नव्हती. साखळी मांडणीच्या दांडीतून ओवली, बॅगेच्या मुठीतून काढली आणि कुलूप दाबलं. खट्ट. मग जागेवर येऊन बसल्या. बाहेर शेतं गेली, गावं गेली, शेवटी दोन्ही अंगांनी पाणीच पाणी आलं. त्यांनी पाहिलं, पण त्यांना काही वाटलं नाही.

व्हेनिस आलं. गीतांजली पोट सावरत डब्यातच चढली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. पार्वताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"आई, हे काय केलं?" अमोल बॅग ओढत होता. "इथं कोणी नेत नाही सामान. चाबी द्या लवकर, गाडी परत जाते आता."

पार्वताबाईंनी मागे न पाहता उजवा हात पाठीमागे केला, तळवा उघडा. वर्षानुवर्षं असाच करत आल्या होत्या, मागून नत्थुजी त्यावर चाबी ठेवायचे. हात तसाच राहिला.

"माय, चाबी?" गीतांजलीनं विचारलं.

"यायच्यापाशी हाये," पार्वताबाई बोलून गेल्या.

अमोलनं मान खाली घातली. चाबी असायची नत्थुजींच्या करदोड्याला. चितेवर ठेवण्याआधी देवरावांनी तो करदोडा तोडला आणि सरणावरच टाकला. त्यात काय अडकलंय, कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अमोल धावत जाऊन गाडीतल्या टोपीवाल्या बाईला घेऊन आला. तिच्या हातात लांब दांड्याची कात्री होती, लोखंड तोडायची. ती साखळीला लागणार, तोच पार्वताबाईंनी कुलूप मुठीत धरलं.

"थांबा जरासक."

फलाटावर परतीचे प्रवासी दाटले होते. बाई काहीतरी घाईनं बोलली.

"माय, तोडू दे वं," गीतांजली म्हणाली. "नाही तं बाबांची गोधडी जाईन परत."

पार्वताबाईंनी मूठ सोडली. कट्.

खाली उतरल्यावर त्या बाईनं तुटकी साखळी नि कुलूप हातात धरून कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. टाकू का?

"नको म्हणा, जावाईबापू," पार्वताबाई म्हणाल्या. "चाबी हाये त्याची." आणि बंद कुलूप त्यांनी कनवटीला खोचलं.

स्टेशनाच्या पायऱ्यांखाली खरोखरच रस्त्याच्या जागी पाणी होतं. गार वारा सुटला होता आणि गीतांजलीच्या कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. पार्वताबाईंनी तिथंच पायरीवर बॅग उघडली, गोधडी काढली आणि लेकीच्या पोटाभोवती गुंडाळली.

"बाळाले अजून यायचं हाये ना वं माय."

"असू दे. बाबाले तुह्या दम कुठी धरवत होता?"

गाठ मारताना गोधडी त्यांच्या डोळ्यांपुढे धूसर झाली. गाठ काही केल्या बसेना. शेवटी गीतांजलीनंच त्यांचे दोन्ही हात हातांत धरले.